जुन्या घरात उतरणाऱ्यांनी भिंतही पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गावाकडच्या जुन्या घरांवर पानभर मजकूर आला होता. दुरुस्त करून सुट्टीच्या पाहुण्यांसाठी उघडलेली घरं. फोटो झकास होते: पितळी कड्यांचा दरवाजा, टांगलेला झोपाळा, पांढऱ्याशुभ्र भिंती. गादी किती मऊ, सकाळी पक्षी किती ओरडतात, इंटरनेट चालतं की नाही, हे सगळं लिहिलं होतं. घराबद्दल मात्र एवढंच, की ते फार जुनं आहे आणि 'मूळ रूप जपून' उभं केलं आहे. कशाने जपलं, भिंतीला चुना लावला की सिमेंट, छपराचं लाकूड जुनंच आहे की बदललं, याबद्दल अवाक्षर नाही. मी जन्मभर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर ओव्हरसिअर म्हणून काम केलं. आता निवृत्त आहे आणि बायकोला घेऊन अशाच घरांत सुट्टीला जातो. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं धरून चालतो. चाराचे चाळीस झाले तर तुमची कात्री आहेच.

या घरांना माझा विरोध आहे असं समजू नका. रिकामं घर किती भराभर जातं ते मी पाहिलंय. एक कौल सरकतं. वर चढून नीट करायला कोणी नसतं. त्याच एका वाशावर थेंब पडत राहतो, काही पावसाळ्यांत वासा मऊ होतो आणि मग वरचं सगळं खाली येतं. राहतं माणूस असलं तर पहिल्या थेंबाला बादली ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी शिडी लावतं. तेव्हा पाहुण्यांच्या पैशावर एखादं घर तगणार असेल तर चांगलंच आहे. पण दुरुस्तीच्या नावाखाली घराचं नेमकं काय केलं, हे पाहुण्याला कळलं पाहिजे. आज ते कोणी विचारत नाही. त्यामुळे वरवर रंग फासणारा आणि छताची एकेक लाकडी कडी उतरवून तपासणारा, दोघांनाही तेवढीच शाबासकी मिळते.

खोलीत सामान टेकलं की मी आधी भिंतीला हात लावतो, मग बोटाच्या पेराने ठोकत ठोकत जोत्यापर्यंत खाली येतो. बायको म्हणते, लोक खिडकी उघडून डोंगर बघतात, तुम्ही भिंतीची नाडी बघा. तिला हसू द्या. भरीव आवाज आला तर गिलावा भिंतीला धरून आहे. भदभद वाजलं तर तो सुटलाय, फक्त अजून पडलेला नाही.

मागे आम्ही एका घरी उतरलो होतो. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथला माणूस वाईट नव्हता, त्याला सल्ला वाईट मिळाला होता. खोलीत शिरताच ओल्या कपाटाचा वास. भिंत नुकतीच रंगवलेली, पण कमरेएवढ्या उंचीवर रंगाला फुगे आलेले. एक फुगा दाबला तर आतून पिठासारखी पांढरी भुकटी सांडली. लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून वर आलेले क्षार. 'जुन्या घराला ओल असायचीच, साहेब,' मालक म्हणाला. हे वाक्य मी नोकरीतही इतकं ऐकलंय की ऐकलं की माझ्या कपाळावर आठी चढते. ओल असायचीच, पण ती भिंतीत अडकून बसायची नाही. या भिंतीत ती अडकवली होती.

जुन्या भिंतीच्या पायात पाणी अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी थोडं वर चढणारच. पण भिंत माती-चुन्याची असली आणि वरचा गिलावाही चुन्याचा असला तर ते पाणी फार वर जायच्या आत दोन्ही अंगांनी हवेत उडून जातं. तुम्ही त्यावर सिमेंटचा गिलावा चढवलात, वर ऑइलपेंट मारलात, की उडायची वाटच बंद. मग पाणी वर वर चढतं, बरोबर क्षार घेऊन जातं आणि जिथे फट सापडेल तिथे फुगे आणतं. खाली जमीन उकरून काँक्रीट ओतून वर चकचकीत फरशी बसवली असेल तर आणखी छान, कारण जमिनीतून उडून जाणारी ओलसुद्धा मग भिंतीकडेच सरकते. मालकाने ओल थांबावी म्हणून तीन वेळा सिमेंट लावलं होतं. ओल त्यानेच वाढवली होती.

चुन्याचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. निव्वळ चुनखडी असेल तर १०० किलो दगडातून जेमतेम ५६ किलो कळीचा चुना हाती येतो. तो पाण्यात टाकला की उकळतो, फुटतो, विरतो. (हौसेने जवळ वाकून बघू नका, डोळे जातील.) मग वाळू घालून, कुठे विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून तो घाणीत, म्हणजे चुना दळायच्या चक्कीत, घोटायचा. भिंतीवर गेल्यावर तो हवेतून हळूहळू तोच वायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड बनतो. हे वरून आत असं होत जातं, त्याला वेळ लागतो. म्हणून चुन्याचे थर पातळ द्यायचे, एका थराला पुरता वेळ दिल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, आणि उन्हात तर पोतं ओलं करून झाकून ठेवायचा. ठेकेदाराला इथेच घाम फुटतो. सिमेंट आज लावलं की उद्या रंगारी बोलावता येतो.

सिमेंटला मी शिव्या घालत नाही. इंग्लंडमधल्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, पुढे इतरांनी ते सुधारलं आणि त्यावर जग उभं राहिलं. नव्या पुलाला, नव्या स्लॅबला ते हवंच. पण त्याआधीच्या पद्धतीने बांधलेली भिंत थोडी हलते, थोडी बसते, पाणी घेते, सोडते. चुना तिच्याबरोबर हलतो. बारीक तडा गेला तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्याच तड्यात पुन्हा बसतो आणि तडा आपोआप बुजतो. सिमेंट हलत नाही. जुन्या विटांच्या भिंतीला सिमेंटच्या दरजा (विटांमधले सांधे) भरलेल्या कुठे दिसल्या तर जवळ जाऊन बघा: विटांची तोंडं झडून आत गेलेली असतात आणि मधली दरज जाळीसारखी पुढे उभी असते. मऊ आणि कडक एकत्र बांधलं की मऊ मरतं. दरज ही बदलायची वस्तू, वीट टिकवायची. इथे उलटं होतं.

लाकडाचंही तेच. सागाची तुळई कितीही जाड असो, तिचं मरण मधे नसतं, टोकाला असतं, जिथे ती भिंतीत शिरते. लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. भिंत कोरडी असेल तर तुळई पिढ्यान् पिढ्या काही मागत नाही. भिंत सिमेंटने कोंडली की तेच टोक आतल्या आत भुगा होतं, आणि बाहेरून पॉलिश केलेली तुळई देखणी दिसत राहते. त्यात हल्ली छताखाली जिप्समचं खोटं छत मारायची फॅशन आहे. वर काय चाललंय, कुठून गळतंय, काही दिसत नाही. पाहुण्याला स्वच्छ वाटतं म्हणे. पाहुण्याला कड्या-फळ्यांचं लाकडी छत, म्हणजे कडीपाट, बघायचा होता म्हणूनच तो इथवर आला होता ना?

आणि दुसरं टोक म्हणजे नसलेलं जुनेपण चिकटवणं. मी एका ठिकाणी वर बघत बसलो होतो, कारण तुळईवर वाकसाचे (सुताराच्या तासायच्या हत्याराचे) घाव दिसत होते, म्हणजे हाताने तासलेलं लाकूड. जरा वेळाने लक्षात आलं की प्रत्येक तुळईवर घाव अगदी त्याच जागी आहेत. साच्यातून काढलेली पोकळ खोळ होती, आत लोखंडी पाइप. पाइप घालण्यात काही वावगं नाही, गरज असेल तर घालावाच. पण मग पाइप पाइपासारखा दिसू द्या की.

हे माझं एकट्याचं खूळ नाही. १९६४ साली व्हेनिसमध्ये जगभरचे जाणकार जमले आणि जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद त्यांनी लिहिली. तीत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. आणि जो भाग नव्याने घालाल तो एकूण घराशी मेळ खाणारा हवा, पण मुळापासून वेगळा ओळखूही आला पाहिजे. सनद स्मारकांसाठी आहे, गावाकडच्या घराला ती कायद्याने लागू नाही, मला ठाऊक आहे. पण 'मूळ रूप जपलं' असं पाटीवर लिहून पाहुण्यांकडून जास्तीचे पैसे घ्यायचे असतील तर एवढी शिस्त मागायला काय हरकत आहे?

आता आपण पाहुणेही काही कमी नाही. मालकांशी बोललो की तेच ऐकू येतं: लोकांना खोलीला लागून बाथरूम हवं, वरच्या मजल्यावरही हवं, एसी हवा, दार अडकायला नको, जमीन कुरकुरायला नको. वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर काँक्रीटचा थर ओतून बाथरूम बसवलं की खालच्या कड्यांवर भार येतो, आणि कधी ना कधी एक सांधा झिरपतोच. बंद खोलीत एसी चालला की बाहेरच्या दमट हवेतली वाफ थंड पडलेल्या भिंतीत आणि लाकडात जाऊन पाणी होते. खरं तर जाड भिंतीच्या घरात दुपारचं ऊन आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते. तेव्हा खिडक्या उघड्या टाकल्या की भिंत पुन्हा गार. पण त्यासाठी पाहुण्याने दुपारी खिडक्या लावून रात्री उघडल्या पाहिजेत, एवढंही आपल्याला जमत नाही. आपण एसीचं बटण दाबतो आणि तक्रारवहीत लिहितो, 'घर सुंदर, पण ओलसर वास येतो.'

सगळीकडे असंच नसतं, म्हणून एका घराबद्दल जरा सविस्तर सांगतो. तिथल्या मालकीणबाईंनी काम सुरू करण्याआधी एक अख्खा पावसाळा घराला हात लावला नव्हता. नुसतं बघत होत्या. पाणी जिथून आलं तिथे भिंतीवर खडूने तारीख लिहायची. त्यातल्या काही तारखा त्यांनी माळ्यावर अजून पुसलेल्या नाहीत. मग कळलं की अर्धी ओल जमिनीतून येतच नव्हती. मागच्या बाजूला वर्षानुवर्षं माती साचून जोत्याच्या वर आली होती आणि पावसाचं पाणी थेट भिंतीत जात होतं. माती उपसली, चर खणला, उतार दिला. भिंतीला न शिवता निम्मं काम झालं. ओव्हरसिअर म्हणून सांगतो, या बाईंना मी माझ्या साइटवर डोळे मिटून घेतलं असतं.

पडवीतल्या एका खांबाचा पाय कुजला होता. खांब बदलणं सोपं होतं. त्यांच्या सुताराने कुजलेला हातभर भाग कापला, चांगलं लाकूड लागेपर्यंत वर गेला, आणि तिरका खाचेचा सांधा करून खाली नवं लाकूड बसवलं, लाकडाच्याच खुंट्या मारून. नवा तुकडा रंगवलेला नाही. खांबाचा पाय उजळ, वरचं अंग काळपट. मी टॉर्च घेऊन जमिनीवर बसून तो सांधा बघत होतो, नखाची कड जाईल एवढीही फट नव्हती. जिन्याखाली त्यांनी खिडकीएवढा भाग गिलावा न करता मोकळा ठेवलाय. भिंत आतून कशी रचली आहे, मधे दगड कसे आडवे बांधून घेतलेत, ते पाहुण्याला दिसावं म्हणून.

बाथरूम घरात नाहीत. घरामागे वेगळी, नवी, सरळ नवी दिसणारी खोली बांधली आहे आणि तिथवर छप्पर टाकलंय. रात्री उठून जावं लागतं. माझ्या बायकोचा गुडघा दुखरा आहे, तिला पहिल्या रात्री राग आला आणि तो तिने माझ्यावर काढला. तिचं म्हणणं चूक नाही. वयस्कर माणसाने जुन्या घरात राहूच नये का? पण सकाळी तिनेच दाखवलं की त्या वाटेला लोखंडी कठडा आहे, साधा, काळा रंग दिलेला, आणि तो जमिनीत रोवलाय, जुन्या खांबांना एकही स्क्रू मारलेला नाही. उंच उंबरठ्याला काढता-घालता येईल असा लाकडी उतार आहे. खाली एक खोली गुडघेवाल्यांसाठी ठेवली आहे, फक्त आम्ही विचारलं नव्हतं. सोय आणि जुनं घर यांचं वैर असतं असं सांगणारा माणूस बहुतेक डोकं चालवायचा आळस करत असतो.

आणि खणात एक फाइल होती. आधीचे फोटो, मधले फोटो, कुठला भाग मुळातला, कुठला दुरुस्त, कुठला नवा, आणि चूक कुठे झाली तेसुद्धा. एका भिंतीचा चुना घाईने वाळला आणि सुटला, तो खरवडून पुन्हा केला, असं लिहिलं होतं. मी ती फाइल रात्री उशिरापर्यंत वाचली.

अशा फाइलची पद्धत जगात आहे. ब्रिटनमध्ये लँडमार्क ट्रस्ट म्हणून संस्था आहे, १९६५ साली निघाली. पडायला आलेल्या वास्तू घेते, दुरुस्त करते, सुट्टीसाठी भाड्याने देते आणि त्याच पैशावर त्या टिकवते. प्रत्येक घरात त्या घराच्या इतिहासाची आणि दुरुस्तीची वही ठेवलेली असते. टीव्ही नसतो, तरी लोक जातात. इटलीत फ्रिउलीच्या भागात १९७६ च्या भूकंपानंतर गावंच्या गावं ओस पडली. घरं दुरुस्त झाली पण राहायला कोणी नाही. तेव्हा नवं हॉटेल बांधण्यापेक्षा गावातली विखुरलेली घरं हेच हॉटेल समजावं, ही कल्पना तिथून पुढे आली. जपानमधल्या शिराकावा-गो या गावाचं तर मला फार कौतुक आहे. तिथली उंच, उतरत्या गवती छपरांची घरं १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण गावकऱ्यांनी १९७१ मध्येच आपापसांत ठरवलं होतं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. काही घरांत पाहुणे उतरतात, पण घरचे लोक तिथेच राहतात. मधोमध चुलाणं पेटतं, त्याचा धूर वर जाऊन गवत आणि दोर किडीपासून वाचवतो. घरात माणूस नसेल तर धूर नाही, आणि धूर नसेल तर छप्पर लवकर जातं. शंभर सनदा वाचून कळणार नाही ते त्या धुराने कळतं.

तर संपादक महोदय, मागणी छोटी आहे. तुमची माणसं अशा घरांवर लिहायला जातील तेव्हा मालकाला हेही विचारू द्या की गिलावा कशाचा आहे, छपरातलं किती लाकूड बदललं, काम कोणत्या गवंड्याने आणि सुताराने केलं. उत्तर आलं नाही तर 'विचारलं, सांगितलं नाही' असं छापा. गवंडी-सुताराचं नाव त्याच्या परवानगीने मजकुरात आलं तर फार बरं. सजावट करणाऱ्याचं येतं, उशांच्या अभ्र्यांचं डिझाइन करणाऱ्याचंही येतं. चुना घोटणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांना काम मिळालं तर त्यांची मुलं ते शिकतील, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला सिमेंटशिवाय पर्याय राहणार नाही. एका दुरुस्तीत मालक फसला तर एक घर जातं. कारागीर गेला तर सगळीच जातात.

मालकांनाही सांगणं आहे की फाइल ठेवा. फोटो मोबाइलमध्ये असतातच, ते छापून खणात ठेवायला किती वेळ लागतो? झालेली चूक लिहिली म्हणून पाहुणा पळून जात नाही. मी तर दुसऱ्यांदा गेलो.

पुढच्या वेळी पुरवणीसाठी कुणाला पाठवणार असाल तर मला कळवा. भाड्याचे पैसे माझे मी देईन. लेख तुमच्या माणसाने लिहावा, मी फक्त भिंती ठोकून देतो.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसिअर